सोनं तुमचं, लेप माझा

जळगाव जामोद,
१२ जुलै १९६७

रा. रा. शालिग्राम नारायणराव उमाळे यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव लिहिताना हात थोडा अडखळला. लग्नानंतर ते कधी लिहायची वेळ आली नव्हती. पण पुण्याच्या एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेत नावाशिवाय पत्र पोचणार नाही, म्हणून लिहिलं. हे पत्र मी बायको म्हणून लिहीत नाही. इथल्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते, त्या नात्याने लिहिते आहे. पाच वर्षांत पत्र पाठवलं नाही, आणि काम नसतं तर आताही पाठवलं नसतं.

काम असं आहे. नांदुऱ्याच्या एका फोटोवाल्याने दुकान बंद केलं, तेव्हा त्याच्याकडचं उजेड मोजायचं जुनं मीटर मला मिळालं. त्यातली सेलेनियमची चकती मी सोडवून घेतली. बसस्टँडजवळ रेडिओ दुरुस्त करणारे शेषराव आहेत. त्यांनी दोन ट्रान्झिस्टर लावून अशी जोडणी करून दिली की चकतीवर उजेड पडला की कानात घालायच्या बोंडीत सूर वाजतो. उजेड वाढला की सूर चढतो, कमी झाला की उतरतो. हे यंत्र मायसाठी आहे. तुमची आई म्हणून मीही तिला मायच म्हणते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिने त्याला रातकिडा असं नाव दिलं आहे.

अडचण ही की चकती मठ्ठ आहे. दुपारच्या उन्हाशिवाय तिला काही कळत नाही, आणि दुपारचं ऊन मायला कातडीनेच कळतं. भिंगातून पाहिलं तर चकतीवरचा सोन्याचा मुलामा ठिकठिकाणी उडालेला दिसतो. उजेडाने सेलेनियममध्ये वीज तयार होते, पण ती गोळा करून तारेपर्यंत आणायला वर धातूचा थर लागतो. आणि तो इतका पातळ लागतो की त्यातून उजेड आत गेला पाहिजे. जाड झाला तर उजेड अडतो, फारच पातळ झाला तर वीज वाहत नाही. हे मी तुम्हाला सांगणं हास्यास्पद आहे. तुमचं कामच ते. तुमच्याकडच्या हवा काढून घेणाऱ्या यंत्रात या चकतीवर नवा थर चढवून मिळेल का, एवढंच विचारायचं आहे. जो खर्च येईल तो कळवावा.

मायला हे कशासाठी हवं, ते लिहिणं भाग आहे, नाहीतर तुम्ही याला खेळणं समजाल. गेल्या हंगामात पुंजाजीकाकांच्या अंगणात बाया कापूस निवडायला बसल्या होत्या. माय नेहमीसारखी जाऊन बसली. पांढऱ्या कापसातून कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेगळी काढायचं काम तिच्याइतकं कोणाला जमत नसे. पण आता तिला दिसत नाही, आणि हाताला कवडी कळते ती फक्त कडक झालेली. नुसती पिवळी पडलेली कळत नाही. तिच्या ढिगात निम्मी कवडी गेली. पुंजाजीकाका वाईट बोलले नाहीत. "वहिनी, तुमी आराम करा ना आता," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ती अंगणात गेलेली नाही. बाजेवर पडून असते. जेवण वाढलं तर जेवते.

कळावे,
विमल


४ ऑगस्ट १९६७

सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि त्यासोबतची मनीऑर्डर मिळाली. मनीऑर्डर परत केली आहे. पोस्टमन कडूबा दोनदा विचारून गेला, "बाई, नक्की परत?" मी हो म्हटलं.

मुंबईला डोळ्यांचे नवे डॉक्टर आहेत, मायला घेऊन या, असं तुम्ही लिहिलं आहे. अकोल्याला दाखवून झालं. काचबिंदूने आतली शीर मेली आहे. तिला कोणताही डॉक्टर जिवंत करू शकत नाही. वेळेत दाखवलं असतं तर एक डोळा वाचला असता, असंही तिथले डॉक्टर म्हणाले. तुम्हाला नव्याने काही सांगत नाही. तुमचं ते परदेशी यंत्र पेटीतून निघून उभं राहीपर्यंत माय पुण्यात आपल्या खोलीत डोकं धरून बसली होती. 'यंत्र लागू दे, मग दवाखान्यात जाऊ,' हे तुमचे शब्द मला पाठ आहेत. ती कंटाळून गावी निघून आली, आणि तिच्यामागे मी. आता त्याच यंत्रात तिची चकती जाईल. यात मला टोमणा मारायचा नाही. दुसरं यंत्र मला माहीत नाही, एवढंच.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं: चकतीचा तळ लोखंडी आहे. सेलेनियमला तडा नाही. कडेला तार टेकवायची पितळी कडी सोडून बाकी सगळ्यावर थर हवा, पण कडेला थर तळाच्या लोखंडाला लागू देऊ नये, नाहीतर वीज परस्पर जाईल.

शेवटच्या ओळीत 'ती कशी आहे?' असं विचारलंत. कोणाबद्दल विचारलं ते कळलं नाही. माय अशक्त झाली आहे. बाकी ठीक.

चकती कापसात गुंडाळून डब्यातून पाठवते आहे.

विमल


६ सप्टेंबर १९६७

सा. न. वि. वि.

चकती पोचली. पोचली तशी जोडली. कळवायला उशीर केला, कारण आधी चांगलं आणि मग वाईट घडलं, आणि दोन्ही एकदम लिहावं असं वाटलं.

चांगलं असं. चकती हातात घेतली तेव्हा मला वाटलं, तुम्ही थर चढवलाच नाही. उजेडात तिरपी धरली तेव्हा हिरवट पिवळी झाक दिसली. शेषरावांनी जोडून बोंडी कानात घातली आणि दचकून काढली. म्हणाले, "मॅडम, ही तं वराडते!" घरी आणून मायच्या हातात दिली. तिन्हीसांजेला मी कंदील लावला. मायने चकती घेऊन हात आडवा फिरवला, थांबली, परत फिरवला.

"हा कंदील हाय?"

"हाव, माय."

"आन हे?"

"ते दार आहे. उघडं आहे."

मग ती उठली. भिंतीला हात न लावता दारापर्यंत गेली, परत कंदिलाकडे आली, खिडकीकडे गेली. मी कंदील मालवून पाहिला. ती लगेच म्हणाली, "काऊन मालवला व? राहू दे ना." त्या दिवशी तिने भाकर मागून घेतली.

वाईट असं. नंतर झड लागली. चार दिवस पाऊस थांबला नाही, भिंतींना ओल आली. पोळ्याच्या दिवशी तिने चकती घेतली तर आवाज घोगरा, अडखळत येत होता. दुसऱ्या दिवशी बंद. भिंगाखाली पाहिलं. सोन्यावर बारीक ठिपके आले आहेत, कडेला थर सुटला आहे. चुलीची वाफ, मायच्या हाताचा घाम, हवेतली ओल, सगळं उघड्या थरावर बसत होतं. फोटोच्या मीटरात वर काच होती. आपण काच काढली, कारण मायला ती जड होत होती. म्हणजे दोष तुमच्या थराचा नाही.

मायने बोंडी कानातून काढून बाजेखाली ठेवली आणि भिंतीकडे तोंड केलं. मला वाटतं, आधी काहीच दिलं नसतं तर बरं झालं असतं.

त्याच चकतीवर पुन्हा सोनं चढवता येईल का? या वेळी वरून काहीतरी पारदर्शक लेप द्यायला हवा. तो मी इथे करून पाहते. तुम्ही त्यात पडू नका. सोनं तुमचं, लेप माझा.

विमल


२ ऑक्टोबर १९६७

सा. न. वि. वि.

आज सुट्टी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

लेपासाठी मी शाळेतल्या कंपासपेट्यांतले मोडके कोनमापक घेतले. ते पारदर्शक प्लास्टिक क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं, हे पुस्तकात होतं. क्लोरोफॉर्म दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून मागून आणलं. त्यांनी आधी माझ्याकडे बारकाईने पाहिलं. बाई नवऱ्याशिवाय राहते आणि क्लोरोफॉर्म मागते, म्हणजे त्यांचं चुकलं नाही. मी मायला त्यांच्यासमोर नेऊन बसवलं, तेव्हा दिलं.

आधी काचेच्या तुकड्यांवर करून पाहिलं. पहिला लेप दुधासारखा पांढरा झाला. दुसराही. मला कारण सापडेना. प्लास्टिक स्वच्छ, बाटली स्वच्छ. मग एकदा बोटावर थेंब सांडला आणि बोट गार पडलं, तेव्हा लक्षात आलं. क्लोरोफॉर्म उडून जाताना काच गार होते आणि हवेतली ओल तिच्यावर बसते. ती ओल लेपात अडकते आणि पांढरेपणा येतो. मग काच तव्यावर कोमट करून, कडक उन्हाच्या दुपारी केलं. लेप असा बसला की बोट लावेपर्यंत तो आहे हे कळेना. जाड द्रावणाचा लेप ओघळतो. पातळ द्रावणात बुडवून, हात न थांबवता सावकाश वर काढायचं. तारेची कडी आधी मेणाने झाकायची. मग मेण खरवडून काढायचं. हे सगळं करताना डोकं दुखायचं. दारं उघडी ठेवून करत होते, तरी.

तुमची चकती आली तेव्हा ती बुडवण्याआधी मी आणखी चार काचा बुडवून पाहिल्या, हे लिहायला हरकत नाही. बिघडली तर पुन्हा तुमच्याकडे मागावी लागली असती.

बिघडली नाही. उलट झालं असं की लेप दिल्यावर सूर आधीपेक्षा चढा लागला. मला वाटलं होतं, वर एक पडदा वाढला म्हणजे उजेड थोडा कमी होईल. शेषरावांना वाटलं, त्यांच्या जोडणीत काहीतरी हललं. दोनदा तपासलं. खरंच चढा आहे. सोन्यावरून उजेड परत फिरतो, तो लेपामुळे कमी फिरत असेल आणि जास्त आत जात असेल, असा माझा तर्क. बरोबर आहे का ते कळवा. या एका प्रश्नाचं उत्तर तुम्ही लांबलचक लिहिलंत तरी वाचीन.

आता ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, चुलीवरच्या वाफेत धरली. काही होत नाही.

विमल


१९ नोव्हेंबर १९६७

सा. न. वि. वि.

तर्क बरोबर होता हे वाचून बरं वाटलं. आकृत्या मुलींना फळ्यावर काढून दाखवल्या. कोणी काढल्या ते सांगितलं नाही.

मायबद्दल लिहायचं आहे. शेषरावांनी पत्र्याची छोटी नळी केली. तिच्यात एका बाजूला टॉर्चचा बारका दिवा, त्याला लागून चकती, दोन्हींची तोंडं खाली. नळी कापसावर टेकवायची. पांढरा कापूस उजेड जास्त परत पाठवतो, सूर चढतो. पिवळ्यावर उतरतो. जुन्या मठ्ठ चकतीला हा फरक कधीच कळला नसता.

गेल्या आठवड्यात ती नळी घेऊन पुंजाजीकाकांच्या अंगणात गेली. मी शाळेत जायच्या तयारीत होते, तिने मला थांबू दिलं नाही. म्हणून पुढचं काकांनी सांगितलेलं लिहिते. ती ढिगापाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "पुंजाजी, मले काम दे."

"वहिनी, कायले उगाच..."

"देतो का नाही? नाही जमलं तं मी आपल्या पायानं उठून जाईन."

काकांनी तिच्यापुढे एक टोपलं ठेवलं. तिने कानात बोंडी घातली. एकेक बोंड उचलायचं, नळी टेकवायची, ऐकायचं, टाकायचं. बाकीच्या बायांच्या पाव वेगानेही होत नव्हतं. एक पोरगी हसली. शेजारी निवडत बसलेली जनकाबाई तिला म्हणाली, "हसून काय राह्यली व, तुह्या ढिगातली कवडी पाय आधी." दुपारपर्यंत मायचं टोपलं झालं. काकांनी पांढरा ढीग उलटून पाहिला. कवडी सापडली नाही. पण कवडीच्या ढिगात बराच चांगला कापूस निघाला, दवाने ओला झालेला. ओला कापूस काळपट दिसतो, हे आम्हा कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. सगळ्या हसल्या आणि मायही हसली. संध्याकाळी मला म्हणाली, "उद्या दव वाळल्यावर जाईन."

तेव्हापासून रोज जाते.

काल तिने विचारलं, "हे सोनं कोणाचं व?"

मी म्हटलं, "पुण्याच्या प्रयोगशाळेचं."

"पुण्याले लॅब एकच हाय का?"

मी कंदिलाची काच पुसायला घेतली. तुमचं नाव तिने या पाच वर्षांत घेतलेलं नाही, हे तुम्ही विचारलं होतं म्हणून सांगते. कालही घेतलं नाही.

विमल


१८ डिसेंबर १९६७

सा. न. वि. वि.

या. शाळेला संक्रांतीची सुट्टी आहे, तेव्हा या. नांदुऱ्याहून एस.टी. मिळते. मायसाठी लुगडं आणू नका, माझ्यासाठी काही आणू नका. बारीक तार आणि टॉर्चचे दिवे आणा. इथे मिळत नाहीत.

ती बोलेल असं मी सांगू शकत नाही.

विमल


२१ जानेवारी १९६८

सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं.

जाताना बसच्या खिडकीतून तुम्ही विचारलंत, "माय शेवटच्या दिवशी एकाएकी बोलायला लागली, ते का?" बस हलली, उत्तर राहिलं. आता लिहिते, कारण तुम्ही त्या वेळी झोपेत होतात.

आल्यापासून दोन दिवस ती तुम्हाला 'जेवलास का' एवढंच विचारत होती, तेही भिंतीकडे तोंड करून. तुम्ही ओसरीवर बसून तारांना कथलाचा डाख देत होतात आणि ती आपल्याच अंगणात टोपलं आणून कापूस निवडत होती. तुमच्यामध्ये मी हे आण, ते ने, अशी फिरत होते. मला त्याचा शीण आला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून तुम्ही तिच्या बाजेवर आडवे झालात आणि तुमचा डोळा लागला. मी भांडी घासत होते. माय नळी घेऊन आत आली. नवा दिवा बसवला होतात, तो तिला तपासायचा होता. आधी भिंत ऐकली. मग घोंगडी. मग हात पुढे नेताना नळी तुमच्या डोक्यावर टेकली.

तिने ती उचलली नाही. कानशिलावर नेली, माथ्यावर नेली, परत कानशिलावर आणली. मग मला हाक मारली, हळू.

"विमल, इकडे ये. वाक."

मी वाकले. तिने नळी माझ्या केसांवर ठेवली, ऐकलं. परत तुमच्या केसांवर ठेवली.

"याचे केस पिकले व?"

"हाव, माय."

"किती?"

"कानावर सगळेच. वर अर्धे."

ती खाली बसली, बाजेच्या पायाला टेकून. मग म्हणाली, "मले तं तो तसाच दिसून राह्यला होता. काळे कुळकुळीत केस, घाईत. यंत्र लागू दे, यंत्र लागू दे. मी त्या पोट्ट्यावर रागावून बसली होती. हा तं म्हाताऱ्यावानी दिसत असंन आता."

मी म्हटलं, "इतके नाही."

"एकटाच राह्यते ना?"

"हाव."

"स्वैपाक कोण करते?"

मला माहीत नव्हतं. पाच वर्षांत मी ते विचारलं नव्हतं.

तुम्ही जागे झालात तेव्हा तिने "शालिग्राम, चहा घेतो का?" म्हणून विचारलं. तुम्ही उठून बसलात आणि माझ्याकडे पाहिलंत. मी चूल पेटवायला गेले, कारण तिथे थांबणं मला जमलं नसतं.

हे तिचं झालं. माझं वेगळं आहे. मायने तुम्हाला ज्या वयात शेवटचं पाहिलं, तिथेच तिचा राग थांबला होता. आता तो कोणावर धरावा, हे तिला कळत नाही. मला मात्र डोळे आहेत. बसमधून तुम्ही उतरलात तेव्हाच मी तुमचे केस पाहिले होते, आणि तरी माझा राग गेला नाही. तो कमी झाला आहे असंही लिहीत नाही, कारण मोजायला माझ्याकडे काही नाही. तुम्ही इथे होतात तेव्हा घरात तुमचा वावर मला खटकला नाही, एवढं खरं लिहू शकते.

'परत ये' असं तुम्ही म्हणाला नाहीत, हेही माझ्या लक्षात आहे. म्हणाला असतात तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

आता कामाचं. तुम्ही गेल्यावर मोताळ्याच्या बाजारातून एक माणूस विचारत आला. शिवणकाम करतो, नजर जात चालली आहे, धाग्याचा रंग ओळखायचा आहे. हिवरा आश्रमाकडून एका शाळामास्तरांचं पत्र आलं आहे, त्यांच्या वर्गात एक आंधळी मुलगी आहे. प्रत्येक वेळी चकती डब्यात घालून पुण्याला पाठवायची आणि तुमच्या यंत्राची पाळी लागेपर्यंत वाट पाहायची, असं चालणार नाही. लेप मला येतो. सोन्याचा थर कसा चढवतात, ते मला स्वतः शिकायचं आहे. यंत्र कसं चालवायचं, हवा किती काढायची, सोनं किती ठेवायचं, सगळं. तुमच्या साहेबांची परवानगी मिळते का, ते विचारा.

शाळा मे महिन्यात बंद असते. माय पुंजाजीकाकांकडे राहायला तयार आहे. तीच म्हणाली, "जाय. मले रातकिडा हाय सोबतीले." मी मे महिनाभर पुण्याला येईन. राहायची सोय वसतिगृहात बघून ठेवा. तुमच्या घरी राहायचं की नाही ते आत्ता ठरवत नाही. आले की ठरवीन, आणि ते मीच ठरवीन.

चहा-साखर घरात असू द्या.

विमल